जड तेल आणि मुरलेला गॅस

आमचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की शाळेतून आल्या आल्या मी दप्तर फेकून सरळ चुलवाणाकडं पळायचे. काहिलीतली काकवी गरम असते ना, तेव्हा ती डब्यात अशी पडते की धार बघत बसावं, पण एकदा का ती गार झाली, त्यातून जानेवारीची थंडी असली, की डबा उपडा धरला तरी ती जागची हलत नाही. तळाला, कडेला, कोपऱ्यात चिकटून बसते. आजी मग त्यात वाटीभर कढत पाणी टाकायची, डबा गोल गोल फिरवायची, थोडा वेळ तसाच ठेवायची आणि मग ते पाणी आमच्या पेल्यात ओतायची. म्हणायची, डब्याला लागलेलं पण आपलंच की गं.

हे मला पुढं मेहसाण्यात आठवलं. पेट्रोलियम इंजिनिअरिंग करून मी गुजरातमध्ये नोकरीला लागले होते आणि पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये कोणीतरी एक सॅम्पलची बाटली हातात दिली, म्हणाले तिरकी करून बघ. आतलं काळं तेल बाटलीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला इतका वेळ घेत होतं की मी बघतच राहिले. कच्चं तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मुंबई हायचं पातळ तेल येतं, विहिरीतून आपसूक उसळणारं. हे तसलं नव्हतं. हे काकवीच्या जातीचं.

मेहसाण्याला बलोल आणि संथाल या तेलक्षेत्रांच्या खडकात असलं तेल आहे, आणि तिथं ते काढायला जमिनीखाली साधारण हजार मीटरवर चक्क आग लावतात. वरून हवा भरायची, खाली थोडं तेल जळू द्यायचं, त्या उष्णतेनं बाकीचं तेल पातळ होऊन पुढच्या विहिरीकडं सरकतं. १९९० मध्ये बलोलला छोट्या प्रमाणावर करून बघितलं, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर चालू झालं. मला त्या वेळी वाटायचं की जड तेलावर हाच एक इलाज, उष्णता. काकवी गरम करा, वाहील. आमचे एक सीनिअर होते, नाशिकचे, त्यांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, अगं आजी तुझी कढत पाणी टाकायची हे बरोबर, पण त्यातलं किती काम कढतपणानं केलं आणि किती पाणी मुरल्यामुळं झालं, हा विचार केलास का? बाती रामान वाच एकदा.

मग मी वाचलं, आणि त्यानंतर आजपर्यंत ते नाव डोक्यातून गेलेलं नाही.

बाती रामान हे तुर्कीतलं एक तेलक्षेत्र. नावाचा अर्थ पश्चिम रामान, बाती म्हणजे तुर्की भाषेत पश्चिम. तुर्कीच्या आग्नेय भागात, दियारबकीरच्या पलीकडं, बातमान नावाचं शहर आहे, त्याच्या दक्षिणेला रामान नावाचा डोंगर. १९४० मध्ये या डोंगरात तेल लागलं आणि तुर्कीच्या तेलाची गोष्ट खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली. १९५४ मध्ये सरकारी तेल कंपनी निघाली, टीपीएओ, पुढच्याच वर्षी बातमानला रिफायनरी आली, आणि जे इलुह नावाचं खेडं होतं ते बघता बघता शहर झालं, १९५७ मध्ये त्याचं नावही बदललं. १९६१ मध्ये त्याच डोंगराच्या पश्चिम अंगाला बाती रामान सापडलं. लांबी सतरा-अठरा किलोमीटर, रुंदी तीन-चार, खाली साधारण १,३०० मीटरवर चुनखडक, आणि त्या खडकात अंदाजे १८५ कोटी बॅरल तेल.

हा आकडा वाचून कोणीही खूश होईल. पण पुढची ओळ वाचायची. विहिरी खणल्या, पंप लावले, पंचवीस वर्षं उपसलं, आणि एवढ्या तेलातलं हाताला लागलं दोन टक्क्यांपेक्षाही कमी. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के तिथंच, खडकाला चिकटून.

याचं कारण समजायला जरा तेलाची जात समजून घ्यावी लागते. तेलाचा हलके-जडपणा एपीआय डिग्रीत मोजतात, आणि तिथं आकडा जितका कमी तितकं तेल जड, दहा म्हणजे बरोबर पाण्याइतकं. बाती रामानचं तेल सरासरी बारा, काही ठिकाणी दहाच्याही खाली, म्हणजे पाण्यावर तरंगणारसुद्धा नाही. घट्टपणा म्हणाल तर पाण्याचा आकडा एक धरला तर याचा साडेचारशे ते हजार, आणि तोही खालच्या उष्णतेत, वर गार झाल्यावर तर बघायलाच नको. पण मला घट्टपणापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त लागली. तेलात एरवी नैसर्गिक गॅस विरघळलेला असतो, विहीर उघडली की दाब कमी होतो, गॅस फुगतो, आणि तेलाला वर ढकलतो, गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं. बाती रामानच्या तेलात एका बॅरलमागं जेमतेम अठरा घनफूट गॅस होता, आणि चांगल्या तेलात हाच आकडा शेकड्यांत असतो. म्हणजे हा असा सोडा की ज्यात फसफस जवळजवळ नाहीच. मग ढकलणार कोण? खडकातला दाब सुरुवातीला १,८०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १,८०० पौंड, होता तो उतरत उतरत काही भागांत चारशेवर आला आणि विहिरी थकल्या.

पाणी भरून बघितलं त्यांनी. पाण्यानं थोडा दाब वाढला, पण पाणी पातळ आणि तेल घट्ट, त्यात खडकाला भेगा, म्हणजे पाणी तेलाला ढकलायच्या भानगडीत पडतच नाही, बाजूनं वाट काढून सरळ पुढच्या विहिरीत हजर. वाफ भरायची तर १,३०० मीटर खोल जाईपर्यंत तिची बरीच उष्णता पाइपातच जाते. आणि आपल्याकडचं मेहसाण्याचं आगीचं गणित भेगाळलेल्या चुनखडकात सांभाळणं फारच कठीण, हवा कुठल्या भेगेनं कुठं निघेल याचा नेम नाही.

आणि मग त्यांचं लक्ष गेलं दोदानकडं. बाती रामानपासून पाइपलाइननं ८९ किलोमीटरवर दोदान नावाचं गॅसचं क्षेत्र होतं, पण त्यातला गॅस जळणारा नव्हताच, तो बहुतांश कार्बन डायऑक्साइड. इंधन म्हणून काहीच कामाचा नाही. शेजारी एवढा गॅस पडून आहे आणि इकडं तेल गॅसअभावी अडलंय, हे दोन कागद ज्या कोणी पहिल्यांदा एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असतील त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. १९८६ मध्ये दोदानचा गॅस बाती रामानच्या विहिरीत जायला लागला.

आता इथं एक गैरसमज असतो, आणि माझाही होता. आपल्याला वाटतं गॅस भरला म्हणजे तो मागून रेटणार, पिचकारीसारखा. जड तेलात कार्बन डायऑक्साइडचं मोठं काम ते नाही. तो तेलात मुरतो. मला यासाठी मराठी शब्द शोधावा लागला नाही कारण मुरणं हा शब्दच नेमका आहे, पाणी जमिनीत मुरतं, लोणचं मुरतं, तसा हा गॅस दाबाखाली तेलात हळूहळू शिरतो, आणि मुरला की दोन गोष्टी होतात, तेल फुगतं आणि तेल पातळ होतं. फुगणं फार नाही, शंभराला दहा-पंधरा वगैरे, पण खडकाच्या बारक्या छिद्रात अडकलेल्या थेंबाला तेवढंही पुरतं, तो जागेवरून सरकतो. पातळ होणं मात्र मोठं असतं, असल्या तेलात घट्टपणा दहा पटींपर्यंत उतरू शकतो. कढत पाणी न टाकता काकवी सैल होते म्हणा ना.

टेक्सासच्या हलक्या तेलात, जिथं १९७२ पासून हा धंदा मोठ्या प्रमाणावर चाललाय, तिथं दाब पुरेसा असला तर गॅस आणि तेल मिसळून एकजीव होतात, दोघांमधली सीमाच राहत नाही, आणि मग तो गॅस खडक जवळजवळ धुऊन काढतो. जड तेलात तसं होत नाही. गॅस गॅस राहतो, तेल तेल राहतं, फक्त गॅसचा काही भाग तेलात जाऊन बसतो. पुस्तकात या प्रकाराला कमी प्रतीचा मानतात आणि कॉलेजात आम्हाला तो दोन पानांत उरकून शिकवला होता. मला ते आज अन्यायाचं वाटतं, कारण जगातलं कितीतरी तेल असंच जड आहे आणि त्याला एकजीव करणारा दाब सहसा मिळतच नाही.

सुरुवातीला त्यांनी एकेका विहिरीत केलं. त्या पद्धतीला हफ अँड पफ म्हणतात, विहिरीत गॅस भरायचा, तोंड बंद करायचं, मुरू द्यायचा, आणि मग त्याच विहिरीतून तेल काढायचं. आजीचा डबा. भरलं, फिरवलं, थोडा वेळ ठेवलं, ओतलं. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की गॅस त्या विहिरीपुरता राहतच नाहीये, भेगांमधून लांबच्या विहिरींपर्यंत पोचतोय आणि तिथलं उत्पादन वाढतंय. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता गॅस वाया चाललाय, बंद करा. यांनी पद्धतच बदलली, काही विहिरींतून सतत गॅस भरायचा आणि बाकीच्यांतून काढायचं. ज्या भेगांनी पाण्याचा घात केला होता त्यांनीच गॅसला दूरवर नेऊन पोचवलं, तिथून तो बाजूच्या घट्ट खडकात, तिथल्या तेलात हळूहळू शिरत राहिला. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत उत्पादन दिवसाला साधारण १३,००० बॅरलपर्यंत गेलं, पूर्वीच्या कित्येक पट.

आणि मग परत उतरायला लागलं, कारण भेगा शेवटी भेगाच. जिथून गॅस एकदा गेला तिथूनच तो पुन्हा पुन्हा जायला लागतो, नवीन खडकाला शिवतच नाही, आणि काढायच्या विहिरीतून तेलाऐवजी गॅसच वर यायला लागतो. वर आलेला गॅस गोळा करून, दाबून परत खाली भरायची सोय करावी लागली. २००२ च्या सुमारास भेगा बुजवायला जेल भरून बघितलं, पॉलिमरचं, म्हणजे आधी मोठ्या वाटा बंद करायच्या आणि मग गॅसला आडवाटेला जायला लावायचं. पुढं गॅस आणि पाणी आलटून पालटून भरायला घेतलं. हे सगळं करून, इतकी वर्षं खपून, त्या १८५ कोटी बॅरलमधलं शंभरातलं दहासुद्धा वर आलेलं नाही.

मी हा आकडा नवीन मुलांना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. माझा नाही पडत. एक टक्का म्हणजे १ कोटी ८५ लाख बॅरल, आणि तो एकेक टक्का कोणीतरी भेगेच्या मागं भेग शोधत मिळवलेला आहे, हे मला दिसतं.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी दियारबकीरला जायचं झालं तेव्हा मी एक दिवस जादा मागून घेतला आणि बातमानला गेले. रस्त्यानं उघडे डोंगर, मेंढरं, मधेच गव्हाची शेतं, आणि मग डोंगराच्या अंगावर एकेक पंप मान वर खाली करत असलेला, आपल्या मेहसाण्याच्या सकर रॉड पंपासारखाच अगदी. बरोबर एक स्थानिक इंजिनिअर होते, निवृत्तीला आलेले, त्यांनी कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून चहा दिला आणि खोक्यातून खडकाचा एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. जमिनीखालचा चुनखडक. पांढरट असेल असं मनात होतं पण तो तपकिरी निघाला, तेलानं आतपर्यंत डागाळलेला, अंगाला बारीक खळगे, आणि मधून एक भेग, केसाएवढी. त्यांनी त्या भेगेवर नख फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. दोघांनाही कळलं, बोलायची गरज नव्हती, आयुष्यभर त्यांचं भांडण या केसाएवढ्या भेगेशी होतं. मी तो तुकडा नाकाशी नेला. वास उरला होता थोडा, डांबराचा.

विहिरीजवळ जायच्या आधी त्यांनी वाऱ्याची दिशा बघायला लावली. दोदानच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडही आहे, सडक्या अंड्यासारखा वास येणारा, आणि त्याची खोड अशी की जास्त प्रमाणात असला तर तो आधी आपली वास घ्यायची शक्तीच मारतो, म्हणजे वास गेला तर बरं वाटायच्या ऐवजी पळायचं. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही, आणि हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचून राहतो. ज्या १९८६ मध्ये बाती रामानला हा गॅस भरायला सुरुवात झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या न्योस तलावातून हाच गॅस रात्रीत उसळून बाहेर आला आणि दरीतल्या गावांमधली जवळपास १,७०० माणसं गुदमरून गेली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ती दोन्ही सालं एकत्रच बसली आहेत. म्हणून कोणी हा गॅस निरुपद्रवी म्हणून बोलायला लागलं की मला राहवत नाही. पाण्याशी गाठ पडली तर तो आम्ल होतो आणि पोलादी पाइप आतून खातो, म्हणून पाइपलाइनमध्ये घालायच्या आधी त्यातलं पाणी काढून कोरडा करावा लागतो. हे सगळं सांभाळणारी माणसं रात्रपाळीला असतात, त्यांची नावं कुठल्याच पेपरात नसतात.

आता जे मला खरं बोलायचंय ते. गेल्या काही वर्षांत कार्बन डायऑक्साइड आणि तेल या विषयाला एकदम भाव आलाय, हवामान बदलावरचा उपाय म्हणून. मांडणी अशी असते की कारखान्याचा धूर पकडा, त्यातला गॅस वेगळा करा, जमिनीत गाडा, आणि वर तेलही मिळवा. ऐकायला छान आहे, आणि काही ठिकाणी खरंही आहे. कॅनडात सस्कॅचेवानमध्ये वेबर्न म्हणून तेलक्षेत्र आहे, तिथं २००० पासून अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या एका कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड ३२० किलोमीटर पाइपनं आणून भरतात. तो गॅस नाहीतर हवेतच जाणार होता. तो खाली गेला, त्यातला बराच खालीच राहिला, आणि तिथं तो राहतोय का यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली.

पण बाती रामानचं तसं नाही. दोदानचा गॅस कुठल्या धुरांड्यातून आलेला नव्हता. तो जमिनीखाली, स्वतःच्या खडकात, माणूस नव्हता तेव्हापासून बंद होता, पुढंही राहिला असता. आपण तो तिथून काढला, ८९ किलोमीटर नेला, दुसऱ्या खडकात भरला, त्यातला काही वर आला, तो परत भरला, आणि या सगळ्यातून जे तेल आलं ते जाळलं. एक बॅरल तेल जाळलं की चारशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हवेच्या वहीत इथं जमा काहीच नाही, नुसता खर्च. अमेरिकेतही बऱ्याच जागी असाच जमिनीतला गॅस वापरतात. मी बाती रामानवर प्रेम करते, त्या लोकांच्या चिकाटीवर करते, आणि तरीही कोणी त्याला हवामानाचा उपाय म्हणून दाखवलं तर मी सभेत उठून नाही म्हणते. १९८६ मध्ये त्यांनी तसा दावा केलाच नव्हता, त्यांना तेल हवं होतं, त्यांनी प्रामाणिकपणे तेलासाठी केलं. दावा आपण आता मागून चिकटवतोय.

आपल्याकडं २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात करार झाला, बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड पकडून भरूच जिल्ह्यातल्या गंधारच्या तेलक्षेत्रात भरायचा. गंधारचं तेल हलकं, तिथलं शास्त्र बाती रामानपेक्षा वेगळं आणि बरंच सोपं. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट ही की गॅस धुरातला आहे. मेहसाण्याच्या जड तेलासाठीही अधूनमधून हा विषय निघतो आणि माझ्यासारखीला लगेच रामानचा डोंगर दिसायला लागतो, पण तिथला खडक चुनखडक नाही, वाळूचा आहे, भेगांचं रामायण नाही पण मग गॅसला लांब नेणारं वाहनही नाही, तिथं गॅस किती वेळ मुरू द्यायचा, दोन विहिरींत अंतर किती ठेवायचं, आधीच जिथं आग फिरून गेलीये त्या भागात भरायचा की नाही, सगळं नव्यानं मांडावं लागेल.

मी सध्या ज्या टीममध्ये आहे तिथं नवीन क्षेत्रं तपासायची एक एक्सेल शीट असते, खोली, दाब, तापमान, घट्टपणा, खडकाचा प्रकार, भेगा आहेत की नाहीत, असे वीसेक कॉलम. मागच्या वर्षी मी त्यात सगळ्यात डाव्या बाजूला, क्षेत्राच्या नावाच्याही आधी, एक कॉलम वाढवला. गॅस कुठून आणणार. एका मुलानं विचारलं, मॅडम हे तर शेवटी ठरतं ना, दर बघून? मी त्याला टेबलावरचा तो तपकिरी तुकडा दिला, त्या इंजिनिअर साहेबांनी निघताना मला देऊन टाकला होता, आणि दोदानपासून सांगायला सुरुवात केली. जेवायची सुट्टी संपली तरी तो उठला नाही. त्याच्या शीटमध्ये त्या दिवशी सात क्षेत्रं होती, त्यातल्या चारांच्या पुढं तो कॉलम अजून रिकामा आहे.